खाडीत ओतलेलं रक्त

निवृत्तीला बरीच वर्षं झाली, तरी साठच्या दशकातलं श्रीवर्धनचं ते प्रकरण मनातून जात नाही.

सकाळची हजेरी आटोपली होती. एक कोळीण पोलीस ठाण्यात आली. तिचा नवरा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या होता. नुकताच, भर समुद्रात जाळं ओढताना छातीत कळ येऊन गेला होता.

"सायब, त्यो रगत तपासनारा बाटल्या खाडीत वततो. मासली सुकत घालताना मी माज्या डोल्यांनी बघितलाय."

हा इसम पांढरा कोट घालून गावोगाव फिरे. रक्तातली चरबी, म्हणजे कोलेस्टेरॉल, मुंबईत तपासून आणतो आणि हृदयविकाराचा धोका सांगतो, असं म्हणे. तांडेलाच्या छातीत आधीपासूनच दुखायचं. सरकारी डॉक्टरांनी त्याला मुंबईला जाऊन रक्त तपासायला सांगितलं होतं. एवढ्या लांब कोण जाणार? त्याने या इसमाकडे रक्त दिलं. 'निर्मळ आहे' असं ऐकून तो पुन्हा समुद्रावर जाऊ लागला.

पंच घेऊन त्या इसमाच्या खोलीची झडती घेतली. सुया, कापूस, धुतलेल्या बाटल्या. बाकी काही नाही.

चौकशीत त्याचं एकच पालुपद, नमुने लाँचने मुंबईला जातात. मी आवाज चढवला नाही. ओरडलं की अशी माणसं मिटून बसतात. प्रयोगशाळेचं नाव विचारलं, त्याच्यासमोरच ट्रंक कॉल लावला. तिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं.

"मग सांगत कशावरून होतास?"

"माणूस बघून, साहेब. जाड असला की चरबी जास्त. बारीक असला की निर्मळ."

"आणि तांडेल?"

"काटक होता." त्याने मान खाली घातली.

डॉक्टरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "काटक माणसाच्या रक्तातही चरबी वाढलेली असू शकते. बघून कळत नाही, म्हणून तर तपासायचं."

फसवणुकीचा गुन्हा शाबीत झाला. मृत्यूचा ठपका मात्र लागला नाही. शवविच्छेदन न होताच अंत्यसंस्कार झाले होते.

निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर कोळणीने विचारलं, "खरी तपासनी झाली असती तर वाचला असता का, सायब?"

"डॉक्टरांनाही ते सांगता येत नाही, बाई."

"न्हाय येत तर न्हाय. पन मी त्याला दर्यावर जाऊ दिला नसता."

नोकरीत चोरीचा ऐवज मी पुष्कळांना परत मिळवून दिला. या माणसाने तांडेलाच्या मनातली भीती काढून घेतली होती. त्या भीतीची तांडेलाला गरज होती, आणि ती मला परत मिळवून देता येणार नव्हती.