डबलशीट

खरं सांगू का मंडळी, आज मी लई जळून राहिले.

माझी शाळेतली मैत्रीण रेखा एकटी सायकलवर कन्याकुमारीला जाऊन आली. आज आमच्या गावात, हट्ट्याला, शाळेत तिचा सत्कार झाला. हार, फेटा, फोटो. मी मागं बसून टाळ्या वाजवल्या, पण मनात एकच. अगं, हिला तर सायकल येतच नव्हती! दहावीपर्यंत पायडल मीच मारायचे अन् ही मागं कॅरिअरवर बसून चिंचा खायची.

मग रेखा माईकवर बोलली, "घाटात पाय उचलंना, तवा मला मंदाची पाठ आठवायची. समोरून वारा असला तरी ती मला डबलशीट न्यायची. एकदाबी उतर म्हणली न्हाई."

सगळे वळून माझ्याकडं पाहू लागले. मी हसले, पण आतून जास्तच जळले. म्हणजे ताकद माझी, अन् फिरून ही आली!

घरी येऊन गोठ्यातली जुनी सायकल बाहेर काढली. सासूबाई म्हणाल्या, "काहून काढली गं? कुठं जायचं?"

"माहीत न्हाई."

दोन्ही चाकांत हवा न्हाई. हट्ट्यात पंक्चर कोण चांगलं काढतं, सांगा बरं.

अन् कॅरिअरबी काढून टाकायचंय.