खुंटीवरचा सदरा

२०२३ साल होतं आणि मला बहात्तरावं लागलेलं. शाळा माझी दुसरीपर्यंत, त्यामुळे कागदावरचं वय वेगळं असेल. मी आईने सांगितलेलं धरतो.

आमचं गाव डोंबिवलीच्या पूर्वेला, शीळच्या रस्त्याच्या आत. चहूबाजूंनी टॉवर झाले, त्यांच्या मागे आमची टेकडी. उंची फार नाही. शहरातली पोरं रविवारी बूट घालून येतात, फोटो काढतात, जेवायच्या वेळेला घरी. पण वर वारा असा, की झाड म्हणून उभं राहत नाही. नुसतं गवत, तेही एका अंगाला झोपलेलं. टोकावर देवाचं निशाण. चैत्रात त्याचा बांबू आणि फडकं बदलायचा मान आमच्या घराचा, त्यातही थोरल्या पुरुषाचा. मी जिवंत असताना मुलाला चालत नाही. लागोपाठ तीन वर्षं चुकली तर मान दुसऱ्या घरात जातो, असा गावचा कायदा. गुडघ्यापायी माझी दोन चुकलेली. तिसरं चुकू द्यायला मी काय मेलो होतो?

म्हणून आठवडाभर आधीपासून तयारी लावली. जुनी वाट एका सोसायटीच्या भिंतीत गेली, तेव्हा खदानीकडून वळसा घालायचा ठरवलं. ऊन चढलं की वारा उभा राहू देत नाही, म्हणून उजाडायला निघायचं. बांबू तासून ओट्यावर ठेवला. आणि अंगातला सदरा न धुता वापरत राहिलो.

हे सदऱ्याचं बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. वर जाणाऱ्याने अंगातला घामाचा सदरा आदल्या दिवशी घरातल्या खुंटीवर टांगायचा. माणूस खाली येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. वरचा वारा माणसाला उचलत नाही, त्याच्यातलं घर उचलतो, असं आमची म्हातारी माणसं म्हणायची. सदऱ्यातल्या वासावर माणूस परत येतो.

माझ्या बापाच्या वेळेला कुणीतरी खुंटीवरचा सदरा झटकून घडी घालून ठेवला होता. बाप दुपारी खाली आला, धडधाकट. शेजारच्या ओट्यावर बसला आणि विचारायला लागला, आमचं घर कुठलं. आईने हाताला धरून आणला. त्यानंतर तो आमच्यात राहिला, जेवला, झोपला, पण पाहुण्यासारखा. पाणी हवं असलं तरी विचारून घ्यायचा. मरेपर्यंत.

आदल्या दिवशी दुपारी सदरा खुंटीवर टांगला आणि मी फडकं आणायला बाजारात गेलो. परत आलो तर खुंटी मोकळी. आमची सून साताऱ्याकडची, त्याच वर्षी लग्न होऊन आलेली. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मळकट कपडा दिसला, तिने मशीनला लावला. बिचारी आपली म्हणते, बाबा, किती वास येत होता त्याला.

मागच्या दारी जाऊन पाहिलं. तिन्हीसांज झालेली. दोरीवर बाकीचे कपडे गप्प लोंबत होते, पान हलत नव्हतं. सदरा तेवढा भरलेला. दोन्ही बाह्या फुगलेल्या, छाती पुढे, आणि तोंड टेकडीकडे. मी चिमटे काढले तर तो हातातून ओढ घ्यायला लागला. दुसऱ्याच्या पोराला धरल्यावर तो घेतो तशी. मागे बायको येऊन उभी होती. तिनेही पाहिलं.

आत आणून घातला अंगात. माझाच सदरा, कॉलरला तिनेच मारलेले टाके. पण गळ्याशी आवळत होता आणि थंड होता, साबणाचा वास सोडला तर कशाचाच नव्हता.

बायको तेव्हा बोलली. "नका जाऊ. मान काय, जाऊदे ना दुसऱ्या घरात. तिथं काय फ्लॅट मिलनार हाय?"

मी म्हटलं, "माझ्या हातनं नाही जाणार."

"मंग खाली आल्यावं घर कोन दावील तुमाला? सासऱ्यांना सासूबाय होत्या. मना नाय जमनार पाव्हन्याला जेवाया घालाया."

सून दारात रडत होती. तिला म्हटलं, तुझं काही चुकलं नाही, पोरी, भाकऱ्या टाक. जेवताना कुणाचं लक्ष नव्हतं. मुलगा म्हणाला, या सगळ्या जुन्या गोष्टी आहेत, बाबा. पण मागचं दार लावायला गेला तो लावून दोनदा ओढून बघून आला. त्या दाराला कडीच्या वर एक खटका आहे, तोही त्याने लावला. बाहेर वारा सुटला नव्हताच. तरी टॉवरांच्या मधून काहीतरी वाजत होतं, कुणी बाटलीत फुंकावं तसं.

आमच्यात बायका पायथ्यापर्यंतच जातात. वर कुणी बाई गेल्याचं मी ऐकलेलं नाही, आणि देवाने नको म्हटल्याचंही ऐकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी बांबू खांद्यावर घेतला, फडकं बायकोच्या हातात दिलं आणि तिला म्हटलं, चप्पल घाल, तू पुढं चाल.