ईश्वरने दिलेल्या बावीस कॅप्सूल

ईश्वर रामटेके अमेरिकेतल्या बॉथेल गावात एका औषध कंपनीत लेबलं तपासायचा. बाटलीवरचा मजकूर, तारीख, धोक्याच्या सूचना अक्षर अन् अक्षर वाचायच्या आणि मग खाली सही करायची. मूळचा नागपूरचा, वय एकतीस. कॉलेजपासून चेहरा मुरुमांनी भरलेला. ग्रुप फोटोची वेळ आली की तो स्वतःच कॅमेरा हातात घ्यायचा, म्हणजे फोटोत यावं लागायचं नाही.

२००६च्या ऑक्टोबरात त्वचेच्या डॉक्टरांनी त्याला आयसोट्रेटिनॉइन सुचवलं. मुरूम बहुतेक कायमचे जातील, पण ओठ फाटतील, सांधे दुखतील, मन उदास होऊ शकतं, दर महिन्याला रक्त तपासावं लागेल, हे सगळं त्यांनी सांगितलं. शेवटी म्हणाल्या, या कॅप्सूल दुसऱ्या कुणालाही द्यायच्या नाहीत. गरोदर बाईच्या पोटात गेल्या तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. पाकिटात प्रत्येक कॅप्सूलच्या मागे गरोदर बाईचं छोटं चित्र होतं, त्यावर काट मारलेली. ईश्वरने फॉर्मवर सही केली. आपला काय संबंध, असं त्याला वाटलं.

पाच महिन्यांत चेहरा खरंच साफ झाला. गुडघे म्हाताऱ्यासारखे कुरकुरायचे, ओठांतून रक्त यायचं, तरी सौदा त्याला मंजूर होता. मार्चमध्ये रक्तातली चरबी फार वाढली म्हणून डॉक्टरांनी औषध थांबवलं आणि उरलेल्या कॅप्सूल फार्मसीत परत द्यायला सांगितल्या. त्या बावीस होत्या. ईश्वरने त्या ड्रॉवरमध्ये टाकल्या.

त्याच आठवड्यात तो बुद्धभूषणकडे जेवायला गेला. बुद्धभूषण त्याचा कॉलेजपासूनचा मित्र, आणि उपासना त्याची बायको, लग्न होऊन वर्षभरापूर्वी इकडे आलेली. एप्रिलमधल्या भीमजयंतीच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन तिच्याकडे होतं.

"ईश्वरदादा, तुम्ही काय घेतलं हो?" तिने विचारलं. "माझं तोंड बघा. दोनशे लोकांपुढे माइक घेऊन कशी उभी राहू? डॉक्टरची अपॉइंटमेंट मेमधली मिळतेय."

चेहऱ्यावरचा उपाय कुणीतरी ईश्वरला विचारावा, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. त्याला ते फार आवडलं.

"माझ्याकडे उरल्यात थोड्या," तो म्हणाला. "देतो की."

घरी त्याने पाकीट काढलं तेव्हा चित्र समोर होतंच. मूल व्हायचं चाललंय का, हे विचारायला हवं होतं. पण मित्राच्या बायकोला असलं विचारायचं कसं? आणि चित्र पाहून ती घाबरली, नको म्हणाली तर? त्याने एकेक कॅप्सूल दाबून बाहेर काढली, व्हिटॅमिनच्या रिकाम्या बाटलीत भरली आणि रिकामं पाकीट कचऱ्यात खोलवर दाबलं. उपासनाला बाटली देताना तो एवढंच म्हणाला, "रोज एक, जेवणानंतर. ओठांना व्हॅसलिन लावत जा."

अकरा दिवसांनी तो ऑफिसात असताना बुद्धभूषणचा फोन आला.

"उपासनाची पाळी चुकलीय. क्लिनिकमध्ये आलोय. नर्स विचारतेय, काही औषध चालू आहे का. त्या तुझ्या गोळ्यांचं नाव काय रे?"

ईश्वरने नाव सांगितलं. पलीकडे बुद्धभूषणने ते नर्सला सांगितलं. मग नर्सचा आवाज चढला, "Who gave her that?"

तो क्लिनिकमध्ये पोचला तेव्हा उपासना भिंतीकडे पाहत बसली होती, दंडावर कापूस चिकटवलेला.

"तुला माहीत होतं?" बुद्धभूषणने विचारलं.

"लक्षात नाही आलं, यार," ईश्वर म्हणाला. तोंडातून शब्द निघतानाच त्याचे कान तापले. रोज आठ तास धोक्याच्या सूचना वाचणारा माणूस हे सांगत होता, आणि मित्राने मान हलवून ते खरं मानलं.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, गर्भ नव्हता. आठवड्याने पुन्हा तपासलं, तेव्हाही नव्हता. पाळी नुसतीच लांबली होती. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या आणि महिनाभर तरी दिवस जाऊ देऊ नका म्हणून बजावलं.

ईश्वरला मात्र जेवण जाईना. जयंतीच्या आदल्या शनिवारी बुद्धभूषण सामान आणायला गेला होता, तेव्हा तो त्यांच्या घरी गेला. उपासना निवेदनाचे कागद लावत होती. ओठ फुटलेले, चेहऱ्यावर पूर्वीपेक्षा जास्त पुरळ. तो दारातच उभा राहिला.

"वहिनी, मी खोटं बोललो. मला माहीत होतं. पाकिटावर चित्र होतं. तुम्हाला दिसू नये म्हणून मी कॅप्सूल काढून बाटलीत भरल्या."

तिने हातातले कागद खाली ठेवले. मग म्हणाली, "आम्हाला मूल हवंय, दादा. सहा महिने झाले वाट बघतोय. रिपोर्ट यायच्या आदल्या रात्री मी देवाला न मानणारी बाई, पण हात जोडून म्हणत होते, की नसू दे. स्वतःच्याच मुलासाठी, नसू दे."

तिने कागद पुन्हा उचलले.

"हे त्यांना तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "मी नाही सांगणार."

बुद्धभूषण पिशव्या घेऊन आल्यावर ईश्वरने त्याला सांगितलं. तो ओरडला नाही. पिशव्या ओट्यावर ठेवल्या, दूध फ्रिजमध्ये ठेवलं, आणि म्हणाला, "तू आता जा."

जयंतीला उपासनाने मेकअप न करता सूत्रसंचालन केलं, आणि झकास केलं. ईश्वर मागे खुर्च्या लावत राहिला. पुढच्या वर्षी बुद्धभूषणला देशाच्या दुसऱ्या टोकाला, हर्नडनला नोकरी लागली. ट्रकमध्ये सामान चढवायला ईश्वर न बोलावता गेला. कुणी त्याला जा म्हटलं नाही. सोफा उचलताना बुद्धभूषण म्हणाला, "तुझ्या बाजूने वर घे," आणि दिवसभरात दोघांत एवढंच बोलणं झालं.