गंजीची सावली

आमच्या दोन्ही घोड्या लग्नाच्या. नवरदेवाला पाठीवर घेऊन बँडमागे संथ चालायचं आणि फटाक्यांना बुजायचं नाही, हे त्यांचं काम. तबेला जालन्याबाहेर, भोकरदन रस्त्यापासून बराच आत आहे. विजेचा खांब तिथवर आलेला नाही. वरातीहून परतल्यावर अब्बा आधी घोडीचे चारही पाय उचलून बघतात, मग पाणी. रस्त्यात मांडवाचे खिळे, काचा, काय काय पडलेलं असतं. हे बघायचं मोबाईल दातांत धरून, त्याच्या उजेडात. दिवाळीनंतरच्या एका लग्नात दोघींतल्या पांढरीच्या तळव्यात घुसलेला खिळा त्यांना दिसला नाही. दोन दिवसांनी पाय सुजला तेव्हा सापडला. दीड महिना ती लंगडत होती.

अब्बांची नजर कमी झालीय, हे घरात कोणी बोललं नाही. तेच एकदा जेवताना म्हणाले, ही लग्नसराई संपली की दोघींना विकायचं. परतूरकडचा एक व्यापारी घ्यायला तयार होता.

"मला दिसत नाही, त्यांना बोलता येत नाही," ते म्हणाले. "असं जनावर ठेवणं गुनाह आहे."

 माझी शाळा इंग्रजी, घरी उर्दू, बाहेर मराठी. तोंड उघडण्याआधी वाक्य मनात जुळवायची मला सवय आहे, आणि ते जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. पण घोड्या जाऊ द्यायच्या नाहीत, हे मी त्या ताटावरच ठरवलं.

सोलरबद्दल वाचत गेले. जुन्या जालन्यातल्या दुकानातून लहान पॅनेल, कंट्रोलर आणि बारीक एलईडी पट्ट्या आणल्या. बॅटरी आमच्या मामांनी दिली, जुन्या फवारणी पंपातली. मामा म्हणजे तबेल्यात घोड्यांची देखभाल करणारे म्हातारे गृहस्थ. त्यांच्यामुळे तबेल्यात अब्बासुद्धा मराठीच बोलतात.

मी सकाळी लवकर जायचे. दुपारनंतर तिथे अब्बांचे मित्र बसलेले असतात, आणि त्यांच्यासमोर शिडीवर चढणं मला नको होतं. पत्र्याच्या पूर्वेकडे कडुनिंबाची सावली, म्हणून पॅनेल पश्चिम टोकाला, मावळतीकडे तोंड करून बसवलं. पहिला दिवा छताच्या मधोमध टांगला. मामांनी वाकून पाय उचलला आणि तसेच थांबले.

"ताई, उजेड माझ्या पाठीला मिळाला. खुराला न्हाई."

खरंच होतं. वाकणाऱ्या माणसाची सावली बरोबर खुरावर पडत होती. मग पट्ट्या खाली घेतल्या, दोन्ही बाजूंच्या खांबांवर, गुडघ्याच्या उंचीला. घोड्यांनी चावू नयेत म्हणून पुढे जाळी. अब्बांनी त्या उजेडात नालेचे खिळे एक एक करून मोजले आणि हात धुवायला गेले.

दीड-दोन महिने सगळं ठीक चाललं. मग होळीनंतर दिवे अर्ध्या तासात विझायला लागले. बॅटरी गेली असं धरून मी दुसरी आणली. तीही तशीच. तारा सोडवून पुन्हा जोडल्या, कंट्रोलर तपासला. त्याच आठवड्यात अब्बांनी लग्नसराई संपायची वाट न बघता व्यापाऱ्याला येत्या शुक्रवारी यायला सांगितलं.

शेवटी मी एक दिवस दुपारी गेले. बाजेवर अब्बा आणि त्यांचे चार मित्र होते. सलाम केला आणि सरळ शिडी लावली. पॅनेलवर पूर्ण सावली होती. ज्वारीचा नवा कडबा आला होता आणि त्याची गंजी पश्चिमेला, पत्र्याच्याही वर गेली होती. थंडीत मी पॅनेल बसवलं तेव्हा जुना कडबा संपून ती जागा मोकळी झालेली.

"मामा, ही सावली रोज पडते?"

"रोज. दुपार कलली की पडती. मला वाटलं बरंच झालं, काच लई तापून राह्यली होती."

"मंग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही इंग्रजीत शिकलेल्या. तुम्हाला ठाऊकच असंल की."

बाजेवर हसू फुटलं. कोणीतरी म्हणालं, "बेटीनं सूरज लावला, मामानं छत्री."

अब्बा हसले नाहीत. "गंजी तिथंच असते," ते म्हणाले. "माझ्या वालिदांच्या काळापासून. पश्चिमेचा वारा अडतो."

"बुटकी केली तरी अडेल. उंची कमी करू, लांबी वाढवू." सगळ्यांसमोर बोलून गेले. या वेळी वाक्य पूर्ण झालं.

"दोन हजार पेंढ्या आहेत, बेटा. कोण हलवणार?"

मी ओढणी कमरेला बांधली आणि वरची पेंढी ओढली. ती डोक्यावरच आली. मामांनी खालून झेलायला सुरुवात केली. कडब्याच्या पात्यांनी कोपरापर्यंत ओरखडे उठले, मानेला खाज सुटली. दुसऱ्या दिवशी अब्बाही आले, आणि त्यांच्यामागून बाजेवरचे दोघे. पेंढ्या कशा रचायच्या, बुंधे कुठल्या बाजूला, हे मला येत नव्हतं. ते त्यांनी केलं. तिसऱ्या दिवशी गंजी पत्र्याच्या खाली आली आणि पॅनेलवर दिवस मावळेपर्यंत ऊन राहिलं.

गुरुवारी पांढरीची वरात होती. ती परतली तेव्हा दिवे लागून तासभर झाला होता. अब्बांनी पुढचा डावा पाय मांडीवर घेतला, माती खरवडली आणि बोटांनी काहीतरी ओढलं. हारातली तार होती, नालेच्या आतल्या बाजूला रुतलेली. अजून रक्त आलं नव्हतं. त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली.

पाय तसाच मांडीवर धरून त्यांनी खिशातून फोन काढला. व्यापाऱ्याला सलाम केला, घरच्यांची खुशाली विचारली आणि उद्या येऊ नका म्हणाले. तिकडून काहीतरी बोलणं झालं. "नाही," अब्बा म्हणाले, "भावाचा सवाल नाही. द्यायच्याच नाहीत."

फोन मामांकडे दिला आणि ते उजव्या पायाकडे वळले. मी दिव्यापुढच्या जाळीवरची धूळ ओढणीने पुसली.