जानेवारीभाऊंची डिसेंबरातली गाडी

अकोल्याच्या जीप स्टँडवर कचरूभाऊंना कुणी कचरूभाऊ म्हणत नसे. सगळे म्हणायचे, जानेवारीभाऊ.

अकोले-राजूर लाईनीवर त्यांनी हयातभर जीप हाकली. आधी दुसऱ्याची, मग स्वतःची. स्वतःची घेतली ती ऐन डिसेंबरच्या शेवटी, कुणीतरी "आत्ताच घे, स्वस्तात बसंल" म्हणालं म्हणून. पुढच्याच आठवड्यात साल बदललं आणि जीप उभ्या उभ्या एका वर्षानं म्हातारी झाली. पुढं कधीतरी ती विकायला काढली, तर गिऱ्हाईकानं ना इंजिन ऐकलं, ना टायरला लाथ मारून बघितली. पहिला प्रश्न, "कितीचं मॉडेल?" भाऊंनी साल सांगितलं. गिऱ्हाईकानं तोंड वाकडं केलं. "एक साल अलीकडचं असतं तर बघितलं असतं."

हा सल त्यांनी जपून ठेवला. स्टँडवर कुणी गाडी घ्यायची नुसती भाषा केली तरी भाऊ तंबाखू मळता मळता म्हणणार, "घाई करू नको. जानेवारी उजाडू दे." समोर मास्तर असो, दूधवाला असो. एका पोराचं लग्न मार्गशीर्षात ठरलं, तर त्याला म्हणाले, "नवरी आत्ता आन, मोटरसायकल जानेवारीत आन." तेव्हापासून नावच पडलं.

घरी बनाबाई. भाऊंची बायको. अंगानं लहानखुरी, बोलायला मिरचीसारखी. "जानेवारी उजाडू दे" हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं, की भाऊंनी तोंड उघडायच्या आत त्या नक्कल करायच्या.

एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "अवं, मी कोणत्या मॉडेलची वं?"

"तुझं आरसी बुक कुठं हाय? बापानं शाळेत घातली असती तर साल तरी कळलं असतं."

"म्हंजी मला विकता यायची न्हाई."

"गिऱ्हाईक तरी कोन येनार हाय?"

असं चालायचं.

बनाबाईंचं माहेर वर, राजूरच्याही पुढं, भंडारदऱ्याच्या बाजूला. माहेरी जाताना त्या नवऱ्याच्याच जीपमध्ये बसायच्या, पण मागं. पुढची जागा पैसे देणाऱ्या शीटाची. ड्रायव्हरची बायको पुढं बसली तर एक शीट गेलं. जीपच्या मागच्या बाकावर समोरासमोर गुडघे लावून बसायचं आणि उघड्या मागच्या बाजूनं धूळ खात बघायचं. म्हणजे दिसणार काय, तर मागं पडलेला रस्ता.

"आख्खा विठा घाट मला पाठमोरा ठावं हाय," त्या म्हणायच्या. "समोरनं कसा दिसतो त्ये मातुर इचारू नका. योगेश गाडी घेईल ना, तवा मी पुढं बसनार. मधी कुनी बसाया आलं तर हाताला धरून खाली उतरवीन."

योगेश त्यांचा एकुलता मुलगा. सिन्नरच्या एमआयडीसीत कंपनीत लागला, लग्न झालं, सून भारती घरात आली. गुडघ्यांनी दगा दिल्यावर भाऊंनी जीप बंद केली आणि घरात गाडीचा विषय निघायला लागला. दसऱ्यालाच घेऊ, असं योगेशचं चाललं होतं. बनाबाईंनी तर पुढं बसायचं लुगडंही काढून ठेवलं होतं. पण भाऊ आपल्या चालीवर. "दसऱ्याची गाडी तीन म्हैन्यात जुनी. थांब जरा. जानेवारी उजाडू दे."

योगेश थांबला. बापाचाच शब्द तो.

दिवाळीत बनाबाईंना जेवण जाईना. आधी पित्त म्हणून सोडून दिलं. मग संगमनेर झालं, मग नाशिक झालं. नाशिकच्या डॉक्टरांनी भाऊंना आणि योगेशला बाहेर बोलावलं. म्हणाले, "घरी न्या. खावंसं वाटेल ते द्या. नवीन वर्षाचं मी काही बोलत नाही."

आत येऊन दोघांनी बनाबाईंना सांगितलं, पोटात सूज आहे, औषधं लांबतील. त्या म्हणाल्या, "बरं." परतीच्या एसटीत खिडकीशी बसून त्या झोपल्या, आणि बापलेक सिन्नर येईपर्यंत त्यांच्या झोपलेल्या तोंडाकडं बघत राहिले.

आठवड्यानं भाऊच म्हणाले, "योगेश, चल. गाडी बघून येऊ."

संगमनेरच्या शोरूमात निकिता नावाची मुलगी होती. तिनं पाणी दिलं, खुर्च्या दिल्या आणि सगळं नीट समजावून सांगितलं.

"काका, ही दारात उभी आहे ना पांढरी, हे मॉडेल आता बंद होतंय. म्हणून सूट आहे. चार दिवसांत पासिंग करून तुमच्या ताब्यात. नवीन मॉडेल पुढच्या वर्षी जानेवारीच्या शेवटी येईल. मोठा स्क्रीन, मागच्या सीटलाही एसी, दिवे वेगळे. पण बुकिंग बरंच झालंय. तुमचा नंबर फेब्रुवारी-मार्चला धरा. तुमचं काय मत?"

भाऊंचं मत अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं. त्यांनी योगेशकडं बघितलं.

"जरा च्या घेऊन येतो," योगेश म्हणाला.

रस्त्याच्या कडेला टपरी होती. दोन कट चहा घेऊन दोघं उभे राहिले.

"आण्णा, नवीनच घेऊ," योगेश म्हणाला. "तुमीच आयुष्यभर सांगितलं ना? आईला नव्या मॉडेलात बसवायचं."

"ती पोरगी फेब्रुवारी म्हनली."

"मग? आई कुठं जानारे?"

भाऊंनी चहा घेतला नाही. ग्लास नुसता हातात धरून ठेवला.

"आण्णा, आज ही पांढरी घेतली ना," योगेशचा आवाज फाटला, "म्हंजे आपन डॉक्टरचं खरं धरलं. मी न्हाई धरनार. कायबी झालं तरी न्हाई धरनार. आपन थांबू. थांबलो म्हंजे आईलाबी थांबावं लागंल."

शेजारी एक पिकअपवाला हे ऐकून आपला ग्लास घेऊन लांब सरकला.

भाऊंनी ग्लास तसाच टपरीच्या फळीवर ठेवला. "नको धरू. तू खोटंच धर, बाळा. पर गाडी माझ्या नावावर घे. खरं मी धरतो."

आत जाऊन त्यांनी पांढरी गाडी सांगितली.

ताब्यात घ्यायच्या दिवशी निकितानं गाडीवरचं लाल कापड काढलं, हार घातला, पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली दोघांच्या हातात देऊन फोटो काढला. तिनं नारळ पुढं केला तेव्हा योगेश म्हणाला, "आमच्यात न्हाई फोडत." मग तो नारळ तिनं तसाच डिकीत ठेवला. "राहू द्या, चटणीला होईल." दोघंही हसल्यासारखं करून निघाले.

गाडी वस्तीत शिरली ती बुद्धविहारापाशीच उभी केली. बाया-माणसं जमली. भारतीनं सासूला हाताला धरून आणलं आणि विहाराच्या ओट्यावर बसवलं. त्रिसरण झालं, पंचशील झालं. योगेश पेढे वाटायला लागला. बनाबाई ओट्यावरून गाडीकडं बघत होत्या. कौतुकानं बघत होत्या, यात खोटं नाही.

तेवढ्यात श्रीमंत आला. शेजारचा, टेम्पो चालवणारा, तोंडाला कुलूप नसलेला. त्यानं गाडीला एक फेरी मारली, मागं वाकून बघितलं आणि ओरडला,

"अय जानेवारीभाऊ! डिसेंबरातच उजाडलं व्हय? आन त्येबी बंद पडनारं मॉडेल! आमाला शिकवून शिकवून आमचं डोस्कं खाल्लं, आन सवता? का पोरीनं डोळा मारला शोरूमात?"

लोक हसले. हसण्यासारखंच होतं. श्रीमंतला काय माहीत! योगेशचा पेढ्याचा हात तिथंच थांबला.

बनाबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. भाऊ गाडीचा आरसा पुसत होते, पुसलेलाच परत पुसत होते.

"अय शिरमंत," बनाबाई म्हणाल्या, आणि आवाज तर कसला राहिला होता, पण होता तेवढा लावला, "मीच म्हनले आना म्हून. मला दम निघंना. पुढं बसायचंय मला, चाळीस वर्सं झाली मागं बसून. तुला काय तरास?"

"मला कसला तरास, काकू! बसा की. राणीवानी बसा."

"मग पेढा खा आन गप बस."

परत सगळे हसले. भाऊंनी तेवढं वर बघितलं. बनाबाईंनी त्यांना असं काही एका शब्दानंही सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन जरा वर आल्यावर, माहेरी जायला निघाले. योगेश कामावर गेला होता, म्हणून दुखऱ्या गुडघ्यांनी भाऊच चालवायला बसले. भारती उलटीसाठी पातेलं, पाण्याची बाटली आणि गोळ्या घेऊन मागं बसली. बनाबाईंनी दसऱ्याला काढून ठेवलेलं तेच लुगडं नेसलं होतं, अंगावर दुप्पट झालेलं. पुढच्या सीटवर बसल्या, तर काचेच्या वर त्यांचं डोकं येईना. भाऊंनी खाली उशी दिली, सीट ओढून पार पुढं घेतली. आता गुडघे समोर टेकत होते, पण रस्ता दिसत होता.

विठा घाट लागला. पहिलं वळण आलं तशी त्यांनी दोन्ही हातांनी समोरचं पकडलं.

"आगं बया! वळन असं अंगावर येतं व्हय?"

"मग?"

"मागं बसल्यावर निस्तं निघून जातंय की वं. आन ती झाडं बगा. ती तर आदी कुठंच नव्हती."

"हुती. चाळीस वर्सं हुती."

"तुमी रोज ह्ये बघत हुता?"

भाऊ म्हणाले, "मी रस्ता बघत हुतो. ह्ये न्हाई."

राजूरला थांबले. माहेरी रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून भारती पेढे घ्यायला उतरली. दुकानात गर्दी होती. गाडीत दोघंच. भाऊंनी इंजिन बंद केलं. बनाबाई समोरच्या रस्त्याकडं बघत होत्या, तशाच बघत राहून म्हणाल्या,

"तुमी जानेवारीला थांबला न्हाई."

"त्या पोरीनं सूट दिली ना, म्हून—"

"सूट बघून भुलनारं मानूस न्हाई तुमी."

भाऊंची बोटं स्टिअरिंगवर नुसती फिरत राहिली.

"कवा कळलं?" त्यांनी विचारलं.

"गाडी दारात आली तवाच. डॉक्टरानं न्हाई सांगितलं, योगेशनं न्हाई सांगितलं. तुमीच सांगितलं." मग जरा दम घेऊन, "बरं केलं. दुसऱ्या कुनी सांगण्यापरीस बरं. पर योगेशला म्हनू नका मला ठावं हाय म्हून. आईला म्हाईत न्हाई, ह्याच्यावरच त्यो उभा हाय. पडंल."

भाऊंनी मान हलवली. आयुष्यभर गाडी चालवलेला माणूस, त्याला चावी कुठल्या बाजूला फिरवायची ते सुचेना. भारती पेढ्याचा पुडा घेऊन आली, दार लावलं, म्हणाली, "निघायचं का आण्णा?" तेव्हा कुठं गाडी सुरू झाली.

माहेरी भावजय भीमाबाईंनी अंगणात बाज टाकली होती. भात कापून झाला होता. खाचरं मोकळी पडली होती, पेंढ्याच्या गंज्या लागल्या होत्या. बनाबाईंनी नव्या तांदळाचा भात बोटाच्या पेराएवढा खाल्ला, आणि पुष्कळ वेळ नुसत्या डोंगराकडं बघत बसल्या. निघताना भीमाबाई रडल्या, तर बनाबाईंनी त्यांनाच दटावलं, "रडायला काय झालं? पुढं बसून आलेय मी."

उतरताना घाटात त्या जाग्या होत्या. वळण आलं की बोटानं दाखवायच्या. मग दाखवायच्या थांबल्या.

बनाबाई गेल्या तेव्हा जानेवारी उजाडायला थोडंच राहिलं होतं. योगेश फार पडला. आई बरी होणार होती, आपण घाई केली, असं म्हणत राहिला. भाऊंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. बनाबाईंनी बजावलेलं होतं, त्यामुळं दुसरं बोलता येत नव्हतं. राजूरला गाडीत काय झालं ते त्यांनी पोराला आजवर सांगितलेलं नाही.

नवं मॉडेल रस्त्यावर आलं. आता तर बरीच फिरतात. एखादी समोरून आली की योगेश मान वळवून बघत राहतो. भाऊ तिच्याकडं बघत नाहीत.

परवा, परत डिसेंबर लागल्यावर, भाऊ राजूरला निघाले होते. रस्त्यात श्रीमंतनं हात केला, टेम्पो गॅरेजला टाकला होता. तो पुढं बसला तर गुडघे समोर आदळले.

"काय वं भाऊ, कोन बसत हुतं हितं? शीट मागं घेऊ का?"

"ऱ्हाऊ दे. बस तसाच."

श्रीमंत पाय वाकडे करून बसला. पण गप्प बसणं त्याच्यात नव्हतंच. तोही आता गाडी घेणार होता. शोरूमवाले बंद होणाऱ्या मॉडेलवर सूट देत होते, नवीन यायचं होतं, डोकं चालत नव्हतं.

"सांगा की, भाऊ. आत्ता घेऊ, का जानेवारी उजाडू देऊ?"

विठा घाट संपत आला होता. शेवटच्या वळणावर गिअर टाकत भाऊंनी विचारलं, "पुढं कोन बसनार हाय?"

"कुठं?"

"तुझ्या गाडीत. पुढं."

श्रीमंतला प्रश्न कळला नाही. तरी म्हणाला, "आई म्हनती मी बसनार. थकली हाय आता. का वं?"

"मग मला कशाला इचारतोस," भाऊ म्हणाले.