ऑपरेशन टेबलावर अडलेलं कासव

भूतखेत, करणी, अंगात येणं... यातलं मी काही मानत नव्हतो. आजही मानत नाही! हसायचं असेल तर खुशाल हसा.

मी पांढुर्ण्याचा. लग्नांत माईक माझ्या हाती असतो. नवरदेव दोन तास उशिरा येवो, मांडव मी धरून ठेवतो. तर गेल्या वर्षी माझ्या मेंदूत गाठ निघाली, नेमकी बोलण्याच्या जागेला खेटून! नागपूरचे डॉक्टर म्हणाले, "काढताना वाचा जाऊ शकते. म्हणून तुम्हाला जागं ठेवून ऑपरेशन करू."

"ठेवा जागं," मी म्हटलं, "पण बोलणं गेलं तर गाठ परत बसवून द्यायची!"

घाबरू नका मंडळी, मेंदूला स्वतःला दुखत नाही. डोक्याची कातडी बधिर करतात. मग समोर चित्रं धरतात, आपण नावं सांगायची. डॉक्टर एकेका जागी हलका करंट लावतात. शब्द अडला, की ती जागा कापायची नाही.

छत्री, किल्ली, बैल... मी दणादण सांगत होतो. आणि एक चित्र आलं. चार पाय, पाठीवर कवच. दिसतंय, कळतंय — शब्दच नाही! करंट काढला. तरी नाही. "बोला," डॉक्टर म्हणाले. संपला आपला माईक, मला वाटलं.

तेवढ्यात कानाशी बायकोचा आवाज — "कासव म्हना न! कायले अडकून राहिले?"

"कासव!" मी ओरडलो.

वॉर्डात आणल्यावर मी तोंड उघडायच्या आत साळा, म्हणजे बायकोचा भाऊ, म्हणाला, "भाऊजी, आमच्या बाईनं आज लाज आणली. बाहेर बाकावर बसल्या-बसल्या वरडली, कासव म्हना न! सारे लोक पाहून राहिले."

ती त्याच सकाळी माहेराहून, सौंसरवरून, आली होती. चित्रं तिनं पाहिलीच नव्हती.

डॉक्टर म्हणाले, योगायोग. मी म्हटलं, मग ससा का नाही सुचला तिला? हसून निघून गेले.

बायकोला विचारलं. "मले काय मालूम? तुमी अडकले असं वाटलं, बस."

माईक पुन्हा माझ्याच हाती आहे. मधेच एखादा शब्द अडतो. डॉक्टरांनी तिला बजावलंय, सांगायचा नाही, त्यांचा त्यांना सापडू द्या. म्हणून ती पहिल्या रांगेत तोंडावर पदर दाबून बसते. मी तिच्याकडे बघतो... आणि शब्द येतो.

कुठून, ते मला विचारू नका.