चाचींचा लोटा

लक्ष्मी गेटच्या मागल्या गल्लीत नळ कोरडा पडला, तेव्हा तिथे ब्लाउज शिवणाऱ्या चाचींनी पाणी खात्याकडे तक्रार केली आणि मला बोलावलं. मी झाँसीचीच, रेल्वेतल्या मराठी माणसाची मुलगी. इथल्या मोहल्ल्यांचे फोटो काढून वर्तमानपत्राला देते, छोटे माहितीपट करते. ‘लोकांची फोटोग्राफर’ म्हणवून घ्यायचे, वर!

कोरड्या नळाचा फोटो काढून बघा, काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून मी चाचींना सांगितलं, तोटीवर जरा पाणी ओता, शेवटचे थेंब पडताहेत असं वाटू दे. त्यांनी पिण्यासाठी राखलेला लोटा आणून ओतला. थेंब उन्हात चमकले. फोटो झकास आला, छापूनही आला.

आठवड्याने तक्रार ‘निस्तारित’, म्हणजे निकाली निघाली. पुरावा म्हणून माझाच फोटो, खाली शेरा: नळाला पाणी सुरू.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नळाकडे एक माणूस फिरकला नव्हता! तशीच कचेरीत जाऊन बाबूच्या टेबलावर हात आपटला.

“नल सूखा पड़ा है, और आप लोग फाइल बंद कर रहे हैं?”

त्याने चहाचा घोट घेतला. “मैडम, फोटो तो आप ही की है। झूठी है क्या?”

त्याचा राग आलाच होता, पण त्याहून जास्त माझा आला. मेलीला थेंब हवे होते चमकणारे! माझी अब्रू वाचवायची तर चाचींना पाणी मिळणार नव्हतं. त्याच्याच टेबलावर कागद मागून घेतला आणि लिहून दिलं की पाणी माझ्या सांगण्यावरून लोट्यातून ओतलं होतं. खाली सही केली.

तक्रार पुन्हा उघडली. संध्याकाळी संपादकांचा फोन आला, यापुढे फोटो पाठवू नका. त्यांचं काही चुकलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोरड्या नळाचं चित्रण करायला गेले. मला बघून चाचींनी मशीन थांबवलं, आत गेल्या आणि भरलेला लोटा घेऊन आल्या.

“आज भी गिराना है, दीदी?”

टोमणा नव्हता तो. त्या खरंच विचारत होत्या.